गणवेशाला सुटी, पालकांची परीक्षा

विशेष प्रतिनिधी, मुंबई

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणे उरकलेली असतात, उद्याच्या डब्याची भाजी निवडून झालेली असते. तेवढ्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षिकेचा निरोप येतो. परवा 'यलो डे' आहे. मुलांनी पिवळा पोशाख करून यावे, सोबत एखादी पिवळी वस्तू आणावी आणि डब्यात पिवळा पदार्थ असावा. पुढच्या पाच मिनिटांत गटावर वर केलेल्या अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. त्याच पाच मिनिटांत मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या कितीतरी घरांत कपाटे उघडली जातात. मुलाचा एकुलता एक पिवळा सदरा गेल्या वर्षीचा असतो आणि आता तो तोकडा झालेला असतो. गटावर कोणीही तक्रार करीत नाही. धुसफूस होते ती घरात.

दोन दिवसांनी चित्र पालटते. पिवळ्या कपड्यांतल्या चाळीस मुलांचे छायाचित्र त्याच गटावर येते आणि आदल्या रात्री वैतागलेली आई ते छायाचित्र माहेरी, सासरी आणि कार्यालयातल्या मैत्रिणींना पाठवते. आजोबा ते मोठे करून बघतात. मुलगा दिवसभर खुशीत असतो. त्रासही खरा आणि कौतुकही खरे, अशी ही पालकांची दुहेरी मनःस्थिती आहे. शहरी महाराष्ट्रातील खासगी शाळांमध्ये, विशेषतः पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक वर्गांत, ती आता वर्षभर पुरते. हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु शाळेने घरावर काय सोपवावे, किती सोपवावे आणि ज्या घराला ते झेपत नाही त्या घरातल्या मुलाचे काय, हे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

बारा महिने, तेरा वेश

शाळेत वेश धारण करणे मराठी समाजाला नवे नाही. आषाढी एकादशीच्या आसपास निघणारी बाल वारकऱ्यांची दिंडी, स्नेहसंमेलनातील नाटुकली, स्वातंत्र्यदिनी टिळक किंवा झाशीची राणी होऊन म्हटलेली चार वाक्ये, हे सारे गेल्या पिढीतल्या पालकांनीही अनुभवले आहे. मात्र तेव्हा वेशभूषेचा प्रसंग वर्षातून एखाद-दुसराच येई आणि पोशाख बहुधा घरातल्याच कपड्यांतून उभा राही. आजोबांचे उपरणे, वडिलांची टोपी, आईची जुनी साडी आणि काजळाच्या काडीने काढलेल्या मिशा एवढ्यावर काम भागत असे.

आता या दिवसांचे एक स्वतंत्र पंचांगच तयार झाले आहे. जूनमध्ये शाळा उघडली की आषाढीचे विठ्ठल-रखुमाई येतात. मागोमाग गोकुळाष्टमीचे राधा-कृष्ण आणि १५ ऑगस्टचे स्वातंत्र्यसैनिक. ५ सप्टेंबरला मुलेच शिक्षक होतात, नवरात्रात भोंडल्यासाठी परकर-पोलके लागते आणि रोजचा रंगही पाळावा लागतो. १४ नोव्हेंबरला नेहरूंच्या जाकिटावर गुलाब खोचायचा असतो, डिसेंबरात सांताक्लॉजची लाल टोपी घालायची असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त मुली नऊवारी नेसतात, संक्रांतीला काळे कपडे, १९ फेब्रुवारीला मावळे आणि २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाचा पारंपरिक पोशाख. या देशी पंचांगावर आता परदेशी कलमेही झाली आहेत. अमेरिकी शाळांतील 'स्पिरिट वीक'च्या धर्तीवर पायजमा घालून यायचा दिवस, केस विस्कटून यायचा दिवस, शाळेचा शंभरावा दिवस यांची भर पडते. त्यांच्या जोडीला फळांचा दिवस, भाज्यांचा दिवस आणि समाजाला साह्य करणाऱ्या व्यावसायिकांचा दिवस असतोच.

या मागणीने आपली बाजारपेठही उभी केली आहे. मुंबईत भुलेश्वर आणि दादर, पुण्यात तुळशीबाग या ठिकाणी गोकुळाष्टमीच्या आधीच्या आठवड्यात पितांबर, मुकुट, बासरी आणि मोरपीस यांचे तयार संच टांगलेले दिसतात. भाड्याने पोशाख देणारी दुकाने अनामत रक्कम घेऊन एक-दोन दिवसांसाठी मावळ्याचा अंगरखा देतात. ऑनलाइन दुकानांवर तर गाजर, सफरचंद आणि ढग यांचेही पोशाख मिळतात. विकत घेतलेला असा पोशाख बहुधा एकदाच वापरला जातो. पुढच्या वर्षी मूल वाढलेले असते आणि विषयही बदललेला असतो.

गणवेशामागचा विचार

शाळांची बाजू समजून घेतली पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलाला रंग, ऋतू, सण, व्यवसाय हे पुस्तकातून कळत नाहीत. ते अनुभवातूनच पोहोचतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत टप्प्यावर खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर आहे. याच धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचविले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला. शाळा रुक्ष असू नये, हा आग्रह आता सरकारी धोरणाचाच भाग झाला आहे.

शिवाय इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांच्या कानावर अभंग पडतो तो आषाढीच्या दिंडीतच. परप्रांतातून आलेले कुटुंब मुलाच्या डोक्यावर गांधी टोपी आणि हातात टाळ देते, तेव्हा त्या घराची या भूमीशी सोयरीक जडते. वर्गात तोंड न उघडणारे मूल मुकुट चढवल्यावर चार वाक्ये घडाघडा बोलून जाते, हाही अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. नऊवारी कशी नेसवायची हे आईला ठाऊक नसते, म्हणून आजीला बोलावणे जाते आणि त्या निमित्ताने एक घरगुती विद्या पुढे सरकते. या सर्व गोष्टींचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही गणवेश मुळात का असतो, याचा विसर पडता कामा नये. शिस्त आणि ओळख ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. त्यांहून मोठे कारण असे की, गणवेशामुळे घर झाकले जाते. कारखान्याच्या मालकाचे मूल आणि त्याच कारखान्यातल्या रखवालदाराचे मूल यांच्या अंगावर एकाच रंगाचा सदरा असतो आणि निदान पाच-सहा तास तरी शिक्षकाला आणि सोबत्यांना त्या दोघांत फरक दिसत नाही. गणवेशाला सुटी मिळाली की हा पडदा दूर होतो. कोणाच्या घरी वेळ आहे, कोणाकडे पैसा आहे, कोणाची आई शिवणकाम जाणते, कोणाच्या घरी मदतीला माणूस आहे, हे सारे त्या एका दिवशी मुलाच्या अंगावर लिहिलेले दिसते.

गणवेश वेळेवर न मिळणे म्हणजे काय, हे राज्यातील सरकारी शाळांनी नुकतेच अनुभवले आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली कापड आणि शिलाईची केंद्रीय व्यवस्था करण्यात आली. गणवेश पोहोचण्यास विलंब झाला, मापांच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. एका राज्यात एकीकडे मुले गणवेशाची वाट पाहतात आणि दुसरीकडे गणवेश बाजूला ठेवण्याचे दिवस वाढत जातात, हा विरोधाभास बोलका आहे.

कष्ट कोणाचे, शाबासकी कोणाला?

पोशाखाचा खर्च सहज डोळ्यांत भरतो. त्यामागचा वेळ मात्र कोणी मोजत नाही आणि हा वेळ बहुतांशी आईचा असतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. शाळेचा रात्री आलेला निरोप या २८९ मिनिटांतच कुठेतरी जागा शोधतो. विरार किंवा कर्जतहून लोकलने मुंबईत येणारी आई संध्याकाळी घरी पोहोचते, तेव्हा परिसरातली दुकाने मिटण्याच्या बेतात असतात. तिच्या दृष्टीने दोन दिवसांची पूर्वसूचना म्हणजे प्रत्यक्षात एका रात्रीची पूर्वसूचना.

त्यात स्पर्धेची भर पडते. एखाद्या मुलाने पुठ्ठा आणि घोटीव कागदाचा ओबडधोबड मुकुट स्वतः चिकटवलेला असतो. शेजारच्या मुलाचा मुकुट दुकानातून आलेला असतो. बक्षीस कोणाला मिळते, हे मुलांना लवकर कळते. पुढच्या वेळी पहिला मुलगाही दुकानातल्याच मुकुटाचा हट्ट धरतो. ज्या उपक्रमाचा हेतू मुलाची कल्पनाशक्ती जागविणे हा होता, त्यात मुलाचा वाटा नुसते उभे राहण्यापुरता उरतो. पोशाख आईचा, संवाद वडिलांनी लिहिलेला, बक्षीस दुकानदाराच्या कौशल्याला आणि टाळ्या मुलाला, अशी ही वाटणी आहे.

शाळांनाही या दिवसांतून बरेच काही मिळते. प्रवेशाच्या स्पर्धेत समाजमाध्यमांवरील रंगीबेरंगी छायाचित्रे ही फुकटची जाहिरात ठरते. अठरा वर्षांखालील व्यक्तीची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक असल्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात घेतलेली सही ही मुलाचे प्रत्येक छायाचित्र जगासमोर मांडण्याची मुभा आहे काय, हा प्रश्न शाळांना लवकरच गांभीर्याने घ्यावा लागेल.

पंचवीस टक्क्यांतले मूल

या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येणारा आवाज एका विशिष्ट गटाचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमांत बदल करून, सरकारी वा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा प्रयत्न केला. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्दबातल ठरविला.

म्हणजेच कायद्याने आणि न्यायालयाने हे मूल वर्गात बसविले आहे. एक लाख रुपये वर्षाला, याचा अर्थ महिन्याला साडेआठ हजारांहूनही कमी. अशा घरात मुकुट-पितांबराचा संच, मागोमाग मावळ्याचे भाडे आणि पुन्हा पांढऱ्या दाढीचा सांता, हे हिशेब बसत नाहीत. प्राथमिक शिक्षण घेण्यात आणि ते पूर्ण करण्यात अडसर ठरेल असे शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही, असे हाच कायदा सांगतो. दुर्बल घटकांतील मुलाशी भेदभाव होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारीही तो शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकतो. पोशाखाच्या दिवसाचा खर्च मात्र शुल्काच्या पावतीवर येत नाही. तो 'ऐच्छिक' असतो. निरोपात सक्तीचा शब्द नसतो, पण गणवेशात आलेले एकटे मूल छायाचित्राच्या कडेला उभे केले जाते, तेव्हा ऐच्छिक या शब्दाला काय अर्थ उरतो?

या अडचणीवर अनेक घरे एकच उपाय शोधतात. त्या दिवशी मुलाला ताप येतो. हजेरीपटावर केवळ एक गैरहजेरी लागते आणि शाळेला त्यामागचे कारण कळतही नाही. आई-वडील शाळेत जाऊन 'आम्हाला परवडत नाही' असे सांगत नाहीत, कारण मोफत प्रवेशाची जाणीव त्यांना आधीच संकोचात टाकत असते. केवळ गरीब घरांचीच ही गोष्ट नाही. ज्या घरात आजारपण आहे, जिथे एकटी आई किंवा एकटे वडील मूल सांभाळतात, जिथे मुलाला कापडाचा स्पर्श किंवा गोंगाट सोसत नाही, अशा घरांसाठीही हा दिवस धास्तीचा असतो.

सोंगामागचा माणूस

आणखी एक बाजू अधिक नाजूक आहे. वेश घेणे म्हणजे दुसऱ्याच्या ठायी स्वतःला पाहणे, हा या उपक्रमांचा उत्तम हेतू. प्रत्यक्षात कधी कधी उलटे घडते. 'समाजाचे मदतनीस' या दिवशी वर्ग डॉक्टर, वैमानिक आणि पोलिसांनी भरून जातो. ज्यांच्यावाचून शहर एक दिवसही चालणार नाही, त्या सफाई कामगाराचा झाडू क्वचितच एखाद्या पालकाला मुलाच्या हाती द्यावासा वाटतो. आदिवासी पोशाख म्हणून पानांचा घागरा आणि चेहऱ्यावर काळा रंग फासण्याचा प्रकार तर अजूनही दृष्टीस पडतो. वारली किंवा कातकरी माणूस प्रत्यक्षात कसा राहतो, याच्याशी त्या सोंगाचा काहीही संबंध नसतो. मुंबईतल्या शाळांमध्ये कोळी वेश लोकप्रिय आहे. वरळी, माहीम, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांतून येणारे मूल त्याच वर्गात बसलेले असते. त्याच्या आजीचा रोजचा पोशाख इतरांसाठी एका दिवसाची गंमत ठरते. ती गंमत आदराची आहे की थट्टेची, हे त्या दिवशी शिक्षक काय बोलतात यावर ठरते.

धर्माच्या सणांचेही तसेच आहे. निरनिराळ्या धर्मांच्या घरांतील मुलांनी एकमेकांच्या सणांत मिसळणे ही मुंबईसारख्या शहराची चांगली सवय आहे आणि अनेक पालक ती मनापासून जपतात. काहींना मात्र ते रुचत नाही. मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्यात डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने आदेश काढून, मुलांना सांताक्लॉजचा पोशाख घालण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घेण्यास शाळांना बजावले होते. एका सणापुरता असा नियम काढला की त्याला वेगळाच वास येऊ लागतो. पालकांची मर्जी विचारायची असेल, तर ती सर्वच सणांसाठी आणि सर्वच घरांना सारखी विचारली पाहिजे. सही देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या घराला कारण विचारण्याची गरज मुळीच नसावी.

साता समुद्रापारही तेच

हा प्रश्न केवळ आपला नाही. ब्रिटनमध्ये १९९७ पासून 'वर्ल्ड बुक डे' साजरा होतो. युनेस्कोने जगासाठी २३ एप्रिल हा दिवस ठरविला असला, तरी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तो मार्चमधल्या पहिल्या गुरुवारी होतो. मुलांच्या हाती पुस्तक पडावे हा त्याचा उद्देश. त्यासाठी शाळांमार्फत एक पौंडाची कुपने वाटली जातात आणि त्यावर एक छोटे पुस्तक मिळते. मात्र गेल्या काही वर्षांत या दिवसाची ओळख आवडत्या पात्राच्या वेशात शाळेत जाण्याचा दिवस अशी झाली आहे. सुपरमार्केटमध्ये तयार पोशाखांचे ढीग लागतात आणि मार्च उजाडला की पालकांच्या वैतागाच्या बातम्या छापून येतात. वेश करणे बंधनकारक नाही, असे खुद्द या उपक्रमाच्या संस्थेला सांगावे लागते. लंडन किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही असे निरोप सवयीचे झाले आहेत.

मात्र तिकडचाच एक प्रघात अनुकरणीय आहे. २१ मार्च या जागतिक डाऊन सिंड्रोम दिनी अनेक शाळांतील मुले दोन पायांत दोन वेगवेगळे मोजे घालून येतात. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. उलट विजोड मोजे प्रत्येक घरात असतातच. सारखे नसलेलेही सोबत शोभून दिसते, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला त्या मोज्यांतून समजते. खर्च शून्य, अर्थ मोठा आणि कोणीही मागे राहिले नाही. चांगल्या उपक्रमाची याहून सोपी कसोटी सांगता येणार नाही.

भातुकलीचा धडा

खरे तर त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. मॉन्टेसरीची महागडी साधने त्या मुलांच्या अंगणात परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया आणि पाने यांतून साधने घडविली. मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच शिक्षण उभे राहिले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. आज शहरातल्या शाळांनी बालवाडीचा उत्साह घेतला, पण साधनांविषयीचा हा विवेक मागे राहिला.

मुलांना सोंगे घेण्यासाठी मोठ्यांची गरज कधीच नव्हती. भातुकली मांडणारी मुलगी आईची ओढणी गुंडाळते आणि ती साडी होते. केरसुणीवर बसलेल्या मुलाचा घोडा दुकानातल्या घोड्याहून वेगाने धावतो. ओढणीची साडी करण्यात जी कल्पना लढविली जाते, ती तयार पोशाख अंगावर चढविण्यात लढविली जात नाही. म्हणून वेशभूषेला विरोध करण्याचे कारण नाही. ती मुलाच्या हातून काढून घेऊन घराच्या ऐपतीवर सोपविली जाते, याला मात्र विरोध करण्यास पुरेपूर कारण आहे.

वर्षारंभीच ठरावे

मग करावे काय? बहुतेक पालक गटावर गप्प राहतात, कारण एकट्याने तक्रार केली तर तिचा राग मुलावर निघेल अशी धास्ती त्यांना असते. परंतु बोलण्याची अधिकृत जागा उपलब्ध आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार प्रत्येक खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावयास हवा. त्याच्या कार्यकारी समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. या समितीच्या बैठका शुल्कवाढीच्या वादातच संपतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वर्षभरातील विशेष दिवसांचा विषय तेथे पहिल्याच बैठकीत मांडता येईल. यापूर्वी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना पुस्तके, गणवेश, दप्तरे यांची विक्री करून व्यापार करू नका, अशी ताकीद दिली होती. पोशाखाच्या दिवसांवर असा आदेश निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हे प्रश्न शाळेच्या उंबरठ्याच्या आतच सुटण्याजोगे आहेत.

त्यासाठी चार-पाच गोष्टी पुरेशा आहेत. वर्षभराच्या विशेष दिवसांची यादी जूनमध्येच पालकांच्या हाती द्यावी आणि त्यांची संख्या मर्यादित ठेवावी. पोशाखाऐवजी एखादे चिन्ह पुरे मानावे. कागदाची टोपी, हातातले फूल किंवा कपाळावरचा बुक्का एवढ्यानेही वारकरी होता येते. ती टोपी घरी न करता वर्गातच कार्यानुभवाच्या तासाला करावी, म्हणजे ती खरोखर मुलाची होईल. शाळेने पोशाखांची एक पेटी ठेवावी. लहान झालेले मुकुट, अंगरखे, धोतरे पालकांनी त्यात जमा करावीत आणि ज्याला हवे त्याने, नाव न नोंदवता, न्यावीत. वेशभूषेला क्रमांक आणि बक्षिसे देणे थांबवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या दिवशी गणवेशात आलेल्या मुलाला शिक्षकाने कारण विचारू नये. त्याला छायाचित्राच्या मधोमध उभे करावे.

या उपायांना अनुदान लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. शिक्षकांचा भारही त्यामुळे वाढण्याऐवजी हलकाच होईल, कारण हे दिवस पार पाडताना दमछाक होते ती त्यांचीही. निरोप पाठविणारी शिक्षिका हीदेखील बहुधा कोणाची तरी आई असते आणि तिच्याही मुलाच्या शाळेतून तसाच निरोप आलेला असतो.

आषाढीच्या दिंडीत वारकरी शेजारच्याची जात, धन वा मान पाहत नाही आणि वयाने लहान असलेल्याच्याही पाया पडतो, हे मुलांना शिकवायचे असते. त्या दिंडीच्या नावाने निघालेल्या शाळेच्या रांगेतून एखादे मूल धोतर मिळाले नाही म्हणून घरी राहत असेल, तर शाळेने शिकविलेला धडा तिथेच पुसला जातो. परवाच्या 'यलो डे'ला किती मुले पिवळ्या कपड्यांत आली, याची मोजदाद छायाचित्रातून होईलच. त्या दिवशीच्या हजेरीपटावर किती खुणा गैरहजेरीच्या आहेत, हेही शाळांनी एकदा मोजून पाहावे.